पावणेतीन मिलिमीटर

वाचकहो, पावणेतीन मिलिमीटर म्हणजे फारसे काही नव्हे. गव्हाच्या एका दाण्याची जाडी साधारण तेवढीच भरेल. एवढ्याशा अंतरातून नीतीचा प्रश्न उभा राहतो असे कोणी म्हटले, तर आपणांस हसू येणे स्वाभाविक आहे. परंतु आगगाडीचे लहान प्रतिरूप स्वतःच्या हातांनी घडविणाऱ्या भारतीय माणसापुढे हा प्रश्न खरोखरीच उभा असतो. त्याला त्याचे उत्तर शब्दांत देऊन चालत नाही, रूळ जोडून द्यावे लागते. त्या उत्तराचा विचार करीत गेले म्हणजे तो केवळ छंदिष्टांचा प्रश्न राहत नाही, तुमच्याआमच्या दारापर्यंत येऊन पोहोचतो. म्हणून आज तो आपणांपुढे मांडीत आहे.

प्रथम या छंदाची थोडी ओळख करून घेऊ. पुण्यात कोथरूड भागात भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. एका दालनात वसविलेले छोटे शहर, त्यातून धावणाऱ्या गाड्या, आपोआप वरखाली होणारे सिग्नल, बोगदे, पूल, संध्याकाळ झाली की उजळणारे दिवे, हे सर्व पाहताना मुलांइतकेच त्यांचे आजोबाही रमून जातात. येथील मांडणी ज्या प्रमाणात केलेली आहे, त्यास या छंदाच्या परिभाषेत ‘एचओ’ म्हणतात. खऱ्या वस्तूच्या सत्याऐंशीव्या हिश्शाएवढे प्रतिरूप, असा त्याचा अर्थ. आपल्या लोहमार्गांवर अनेक वर्षे राबलेले डब्ल्यूडीएम-२ जातीचे डिझेल इंजिन या प्रमाणात केले, तर ते सुमारे २० सेंटिमीटर लांब होते.

आता हिशेब पाहा. युरोप, अमेरिका आणि जगातील पुष्कळशा देशांत दोन रुळांमधील अंतर १,४३५ मिलिमीटर असते. यालाच ‘स्टँडर्ड गेज’ म्हणतात. त्याचा सत्याऐंशीवा हिस्सा साडेसोळा मिलिमीटर. म्हणून एचओ प्रमाणाचे तयार रूळ, चाके आणि सांधे जगभर साडेसोळा मिलिमीटरच्या मापानेच बनतात व विकले जातात. आपले ब्रॉडगेज मात्र १,६७६ मिलिमीटरचे, म्हणजे साडेपाच फुटांचे. त्याचे प्रतिरूप करावयाचे, तर रुळांत सव्वाएकोणीस मिलिमीटर अंतर हवे. तसे रूळ बाजारात सहजी मिळत नाहीत. भारतीय इंजिनांची जी तयार प्रतिरूपे मिळतात, तीही बहुधा साडेसोळाच्या रुळांवर धावतील अशीच असतात. सव्वाएकोणीसमधून साडेसोळा वजा केले की आपले पावणेतीन मिलिमीटर उरतात. खऱ्या लोहमार्गावर हे अंतर चांगले वीतभर भरेल.

हा प्रश्न एखाद्या ठिकाणी डोळ्यांनी पाहावयाचा असेल, तर बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीसारखी जागा नाही. कर्नाटक शासनाच्या ‘किऑनिक्स’ या संस्थेने १९७०च्या दशकाच्या अखेरीस होसूर रस्त्यावर ही औद्योगिक वसाहत वसविली. आर. के. बालिगा यांची ती कल्पना. आज तेथे नोकरीनिमित्त गेलेली कितीतरी मराठी कुटुंबे राहतात, आणि त्यांत आपल्या मंडळ्यांतील मुलेमुलीही आहेत. या वसाहतीतून ऑगस्ट २०२५ पासून मेट्रोची पिवळी मार्गिका धावू लागली. तिचे रूळ स्टँडर्ड गेजचे आहेत. तेथून जवळच सेलमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हीललिगे नावाचे लहानसे स्थानक आहे, तेथील रूळ ब्रॉडगेजचे. या वसाहतीत राहणाऱ्या एखाद्या तरुणाने दोन्ही गाड्यांची प्रतिरूपे करावयाचे मनात आणले, तर दुकानातून आणलेला साडेसोळा मिलिमीटरचा रूळ मेट्रोसाठी अगदी खरा ठरतो. तोच रूळ हीललिगेच्या गाडीखाली घातला की खोटा ठरतो. वस्तू तीच, प्रमाण तेच. फरक पडतो तो तिच्यावर आपण काय उभे करतो आणि काय म्हणून दाखवितो यावर.

खरा रूळ हवा असेल, तर तो हाताने घालावा लागतो. याची रीत मोठी चिकाटीची आहे. विजेच्या उपकरणांतील मंडले ज्या तांब्याचा मुलामा दिलेल्या पातळ फळीवर कोरतात, तीच फळी येथे उपयोगी पडते. इलेक्ट्रॉनिक सिटीत राहणाऱ्याला ती काही अनोळखी नाही. तिच्या सुमारे ३२ मिलिमीटर लांब व ३ मिलिमीटर रुंद पट्ट्या कापतात. हे झाले स्लीपर. त्यांवर सुमारे १.९ मिलिमीटर उंचीचा धातूचा रूळ ठेवून डाख देतात. गाडीला वीज रुळांतूनच मिळत असल्याने प्रत्येक पट्टीवरील तांबे मधोमध करवतीने कापून तोडावे लागते, नाहीतर दोन्ही रूळ एकमेकांस जोडले जाऊन वीज वाया जाते व गाडी जागची हलत नाही. आपल्या मुख्य मार्गांवर एका किलोमीटरात १,६६० स्लीपर असण्याचा प्रघात आहे. त्या हिशेबाने प्रतिरूपाच्या एका मीटरात १४४ स्लीपर येतात. प्रत्येकावर दोन रूळ, म्हणजे २८८ ठिकाणी डाख. प्रत्येक वेळी दोन रुळांमध्ये मापाची पट्टी धरून अंतर तपासावे लागते. सांध्याच्या जागी तर काम आणखी नाजूक होते. तेथे चाकाची कड जाण्यासाठी ठेवलेली फट किंचित अधिक झाली की चाक तिच्यात आपटते, किंचित कमी झाली की ते रुळावर चढते व गाडी घसरते.

रूळ झाला म्हणजे काम संपले असे नाही. त्यावर चालणाऱ्या इंजिनाची चाकेही त्याच मापाने बसवावी लागतात. १९४७ साली भारतात आलेले डब्ल्यूपी जातीचे वाफेचे इंजिन आपल्यातील वडीलधाऱ्यांस आठवत असेल. पुढे निमुळते नाक, त्यावर चांदणी. ते इंजिन घडवावयाचे, तर पितळी पत्र्यावर आखणी करावी, बारीक करवतीने कापावे, कानशीने कडा घासाव्यात, रिव्हेटची प्रत्येक टिकली मागून ठोकून उठवावी, बॉयलरला गोलाई द्यावी आणि धरावयाच्या दांड्या केसाएवढ्या तारेच्या करून त्या छिद्रांत ओवाव्यात. एवढे सगळे करून तेच इंजिन साडेसोळाच्या रुळांवर ठेवले आणि समोरून पाहिले, तर दोन्ही बाजूंची चाके आत ओढल्यासारखी दिसतात. धिप्पाड माणूस पाय जवळ घेऊन अवघडून उभा राहावा, तसे ते रूप दिसते. बाजूने पाहणाऱ्याला मात्र काहीही कळत नाही. प्रतिरूपे पाहावयास येणारी शंभरातील बहुतेक माणसे ती बाजूनेच पाहतात.

येथे आपला प्रश्न उभा राहतो. जे कोणास दिसत नाही, ज्याने कोणाची हानी होत नाही, ते खरे करण्यासाठी माणसाने आपल्या आयुष्यातील कित्येक संध्याकाळी खर्चाव्यात काय? हे कर्तव्य आहे, की नुसता हट्ट?

पहिले उत्तर सोपे आहे आणि ते आपल्या ओठांवर आधीपासूनच आहे. थोडक्यात विश्वासू असणाऱ्याविषयी प्रभूने जे सांगितले, ते आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या न्यायाने पाहता न दिसणाऱ्या जागी माप राखणारा माणूस दिसणाऱ्या जागीही माप राखील, अशी आपली श्रद्धा असते, आणि ती पुष्कळ अंशी खरी आहे. ज्या कामाची तपासणी होणार असते, तेथे भीती व कौतुक या दोन गोष्टी आपल्याकडून काम करवून घेतात. जेथे तपासणीच नाही, तेथे आपली वृत्ती उघडी पडते. कोणाचीही हानी होत नाही, म्हणून हा नीतीचा प्रश्नच नव्हे, असे कोणी म्हणेल. मला उलट वाटते. हानी नसल्यामुळेच येथे सत्याची आवड इतर सर्व कारणांपासून वेगळी होऊन दिसते.

परंतु वाचकहो, एवढ्यावर थांबलो तर आपण प्रश्नाची अर्धीच बाजू पाहिली असे होईल. कारण सव्वाएकोणीसचा रूळ घालणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती केवळ कष्टांची नसते.

साडेसोळा मिलिमीटर हे माप जगभर का रुजले? ते सर्वांचे माप आहे म्हणून. अमेरिकेत १९३५ साली या छंदाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिचा एक प्रमुख हेतूच असा होता की एका कारखान्याची गाडी दुसऱ्या कारखान्याच्या रुळांवर धावावी आणि एका घरचे इंजिन दुसऱ्या घरी नेता यावे. त्यामुळे पुण्यातला मुलगा आपले इंजिन पेटीत घालून बंगळुरूच्या मामाकडे जाऊ शकतो व तेथे ते चालवू शकतो. सव्वाएकोणीसवाल्याला हे सुख नाही. त्याचे इंजिन त्याच्याच खोलीत धावेल, आणि दुसऱ्याचे इंजिन त्याच्या रुळांवर उभेदेखील राहणार नाही. त्याने सत्य राखले, पण सोबत गमावली. आता त्याची वृत्ती श्रेष्ठ म्हणावी, की भाऊ जोशी यांच्यासारख्यांची, ज्यांनी सर्वांचे माप घेऊन हजारो मुलांना आनंद दिला? सत्याची निष्ठा आणि माणसांची संगत या दोन्ही चांगल्या गोष्टी जेव्हा एकमेकींच्या विरुद्ध उभ्या राहतात, तेव्हा खरी अडचण होते. चांगले आणि वाईट यांतून निवड करणे त्यामानाने सोपे असते.

या संदर्भात इंग्लंडमधील दोन धर्मगुरूंची उदाहरणे बोलकी आहेत. तेथे हा छंद पाळकांमध्ये बराच होता, ही गोष्ट आपणांस गमतीची वाटेल. रेव्हरंड पीटर डेनी यांनी ‘बकिंगहॅम’ नावाचा काल्पनिक लोहमार्ग दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळापासून अनेक वर्षे खपून घडविला. तेथे जे प्रमाण प्रचलित आहे, त्यात खरे अंतर १८.८३ मिलिमीटर हवे, पण बाजाराचे माप साडेसोळाच. डेनी यांनी बाजाराचे माप सोडून १८ मिलिमीटर धरले. त्यामुळे रूळ, चाके, इंजिने, सर्व काही त्यांना स्वतःच करावे लागले. त्यांचा मुलगा क्रिस्पिन पलीकडच्या स्थानकाचे काम पाहत असे. तो घरापासून दूर गेला, तेव्हा त्याच्या जागी काम करणारे एक यंत्र त्यांनी बनविले आणि त्यास मुलाचेच नाव दिले. दुसरे रेव्हरंड विल्बर्ट ऑड्री. १९४२ साली गोवराने आजारी पडलेल्या क्रिस्टोफर या आपल्या मुलाला त्यांनी इंजिनांच्या गोष्टी सांगितल्या, त्याच्यासाठी लाकडाचे एक लहान इंजिन केले, आणि पुढे १९४५ पासून त्या गोष्टींची पुस्तके निघाली. ‘थॉमस’ नावाचे ते इंजिन आज जगातील मुलांच्या ओळखीचे आहे. ऑड्री स्वतःही प्रतिरूपे करीत व प्रदर्शनांत मांडीत, पण त्यांचे रूळ बाजारातील साडेसोळाचेच होते. त्याच ऑड्रींनी पुस्तकांतील चित्रांत इंजिनाचा तपशील चुकला की चित्रकाराची गय केली नाही.

या दोघांत खरा कारागीर कोण? डेनी यांचे अंतर सत्याच्या अधिक जवळ होते, पण पूर्ण खरे नव्हते. ऑड्री यांचे अंतर चुकीचे होते, पण लहान मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टीतही रेल्वेचे नियम मोडू नयेत, हा त्यांचा कटाक्ष पक्का होता. प्रत्येकाने आपली निष्ठा वेगळ्या जागी ठेवली होती. त्यांपैकी कोणासही अप्रामाणिक म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

इंग्लंडमध्ये ही मापाची चूक मुळात कशी शिरली, हेही पाहण्याजोगे आहे. त्या काळच्या विजेच्या मोटारी मोठ्या असत, आणि ब्रिटिश इंजिने अंगाने लहान. मोटार आत मावेना, म्हणून इंजिनाचा सांगाडा थोडा मोठा केला गेला. रूळ मात्र होता तोच ठेवला. यात लबाडी नव्हती, अडचण होती. पुढे मोटारी लहान झाल्या, अडचण संपली, पण चूक राहिली, कारण तोवर घरोघरी त्याच मापाचे रूळ पोहोचले होते. १९६०च्या दशकात काही हौशी मंडळींनी अगदी १८.८३ मिलिमीटरचाच आग्रह धरला. मग साडेसोळावाले, अठरावाले आणि १८.८३वाले असे तीन पंथ झाले, आणि एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळावर चालेनाशी झाली. पंथभेदांचा इतिहास ठाऊक असलेल्या आपणां ख्रिस्ती वाचकांस याहून अधिक सांगावयास नको. अडचणीपोटी केलेली तडजोड अडचण सरल्यावरही टिकून राहते आणि हळूहळू तिलाच रीत म्हणू लागतात, ही गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे.

प्रतिरूपांचे सोडा, खऱ्या रेल्वेलाही हा प्रश्न सुटलेला नाही. ब्रुनेल या थोर अभियंत्याने इंग्लंडमध्ये सात फुटांहून किंचित अधिक रुंदीचा लोहमार्ग घातला. वेग व स्थैर्य या दृष्टींनी तो उत्तम होता. परंतु भोवतालचे सर्व मार्ग अरुंद होते, आणि अखेर मे १८९२ मध्ये त्याचा शेवटचा भागही उखडून इतरांच्या मापाचा करण्यात आला. आपल्या देशातील साडेपाच फुटांचे मापदेखील आकाशातून पडलेले नाही. लॉर्ड डलहौसी यांना सहा फूट हवे होते, रेल्वे कंपन्यांच्या मनात इंग्लंडचे माप होते, आणि सल्लागार अभियंता सिम्स यांनी सुचविलेले साडेपाच फूट अखेर ठरले. म्हणजे ज्या ‘खऱ्या’ मापासाठी आपला कारागीर रात्री जागवितो, ते मूळ मापही एक तडजोडच होती! १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली, ती या तडजोडीवरच.

त्यानंतर मीटरगेज आले, नॅरोगेज आले. मिरज स्थानकात एकेकाळी तिन्ही प्रकारचे रूळ होते. पुण्याहून येणारे ब्रॉडगेज, बंगळुरूकडे जाणारे मीटरगेज, आणि कुर्डुवाडी व लातूरकडे जाणारी बार्शी लाइट रेल्वेची ७६२ मिलिमीटरची चिमुकली गाडी. त्या काळी पुण्याहून बंगळुरूस जाणाऱ्याला मिरजेस सामानसुमानासह गाडी बदलावी लागे. वॉनलेस रुग्णालयात आलेल्या रुग्णांचे नातेवाईकही याच फलाटांवर एका गाडीतून उतरून दुसरीची वाट पाहत. १९९२ साली सर्व मार्ग एका मापाचे करण्याची योजना रेल्वेने हाती घेतली, आणि मिरज-बंगळुरू मार्गही त्याच दशकात ब्रॉडगेज झाला. आज इलेक्ट्रॉनिक सिटीत काम करणारा मराठी तरुण पुण्यात गाडीत बसतो तो थेट बंगळुरूस उतरतो. एकत्र येण्यासाठी कोणालातरी आपले माप सोडावे लागले, आणि रुळांच्या त्या बदलाचा मोठा खर्च साऱ्या देशाने सोसला.

गमतीचा भाग असा की ते जुने मिरज एचओ प्रमाणात करावयाचे ठरविले, तर मीटरगेजसाठी बाजारातील १२ मिलिमीटरचा रूळ व नॅरोगेजसाठी ९ मिलिमीटरचा रूळ जवळजवळ बरोबर बसतात. अडते ते नेमके मोठ्या मार्गापाशी, म्हणजे ब्रॉडगेजपाशी.

आता आणखी एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. रुळांतील अंतर अगदी खरे राखणारा माणूसही दुसरीकडे कोठेतरी हात आखडतोच. आपल्या ब्रॉडगेजवर वळण फार तर १७५ मीटर त्रिज्येपर्यंत घेता येते. प्रतिरूपात ती त्रिज्या दोन मीटर होईल, म्हणजे एक वर्तुळ पुरे करण्यास चार मीटरांहून मोठी खोली हवी. सदनिकेत राहणाऱ्याला ते कोठले शक्य? दुकानातील तयार वळणे ३६ सेंटिमीटर त्रिज्येचीही असतात. खऱ्या जगात ते वळण ३१ मीटरांचे झाले असते, आणि त्यावर एकही मोठी गाडी उभी राहिली नसती. पुणे-मुंबई हे १९२ किलोमीटरचे अंतर तंतोतंत करावयाचे, तर प्रतिरूपातही दोन किलोमीटरांहून अधिक रूळ लागतील. वाफेच्या इंजिनात वाफ नसते, विजेची मोटार असते. तेव्हा पूर्ण सत्य हे कोणाच्याच टेबलावर मावत नाही. प्रत्येक कारागीर काही राखतो आणि काही सोडतो.

मग राखावे काय, सोडावे काय? इंजिनाच्या चाकांतच याचे एक चांगले उत्तर दडलेले आहे. वाफेच्या इंजिनात उजव्या बाजूचे दांडे आणि डाव्या बाजूचे दांडे यांच्यात काटकोनाचा फरक ठेवतात. एका बाजूचा दट्ट्या अगदी टोकाला पोहोचून निरुपयोगी झाला, तरी दुसऱ्या बाजूचा त्याच वेळी जोर लावू शकतो. प्रतिरूप करणाराही हा कोन ९० अंशांचा ठेवण्याचा प्रयत्न करतो. पण अनुभवी कारागीर सांगतात, की तेथे कोन एखाद्या अंशाने चुकला तरी चालेल, मात्र तो सर्व चाकांच्या जोड्यांवर सारखाच चुकला पाहिजे. एका जोडीचा कोन ९० आणि दुसरीचा ८८ झाला, तर जोडदांडा अडकतो आणि इंजिन लंगडू लागते. बिनचूक असलेली एक जोडीही बाकीच्यांशी न जुळल्यास गाडी थांबविते. सुसंगतीला काही ठिकाणी अचूकतेहून अधिक मोल असते, ते असे.

परंतु ‘काही ठिकाणी’ हे शब्द विसरून चालणार नाही. सगळेच चुकत आहेत, तर चूक हेच माप, असा याचा अर्थ कोणी घेतला, तर तो घात करील. माझ्या मते तडजोड निर्दोष राहण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक आहेत. पहिली, ती करणाऱ्याला आपण तडजोड केली हे ठाऊक असावे. साडेसोळाच्या रुळावर डब्ल्यूपी चालविणाऱ्याने सव्वाएकोणीस हा आकडा विसरता कामा नये. दुसरी, विचारणाऱ्याला त्याने ते सांगावे. “हे अगदी खऱ्यासारखे आहे” असे कोणी कौतुकाने म्हटले, तर “रूळ मात्र पावणेतीन मिलिमीटर अरुंद आहे बरे का” असे म्हणण्यात कमीपणा नाही. उलट त्या एका वाक्याने त्याचे सारे काम खरे होते. तिसरी, तडजोडीचा लाभ आपल्याबरोबर इतरांनाही व्हावा. इतरांची गाडी आपल्याकडे यावी म्हणून माप सोडणे वेगळे, आणि कष्ट टाळण्यासाठी सोडून त्याला एकोप्याचे नाव देणे वेगळे. हा फरक बाहेरून कोणास दिसत नाही. तो ज्याचा त्याने पाहावयाचा आहे.

आणि जो एकटा बसून सव्वाएकोणीसचा रूळ घालतो, त्याचे काय? त्याचे काम व्यर्थ आहे असे मी म्हणणार नाही. त्याच्या खोलीत कोणाची गाडी धावत नसली, तरी खरे माप काय होते हे पाहावयाचे झाल्यास लोकांना त्याच्याच दाराशी जावे लागेल. सोन्याचा काटा रोज भाजीच्या बाजारात वापरीत नाहीत, पण गावात तो कोठेतरी असावा लागतो. त्याच्यासाठी इशारा एवढाच, की आपल्या मापाने त्याने दुसऱ्याला मापू नये. मूर्तीला दाखविलेल्या नैवेद्याचा प्रश्न करिंथ येथील मंडळीत उपस्थित झाला, तेव्हा पौलाने ज्ञान असलेल्यांची बाजू चुकीची ठरविली नाही. त्या ज्ञानाचा उपयोग भावाला तुच्छ लेखण्यासाठी होऊ नये, एवढे त्याने बजावले. माप बरोबर असणे ही देणगी आहे, पण त्या मापाच्या बळावर शेजाऱ्याचा रूळ उखडण्याचा अधिकार कोणास मिळत नाही. साडेसोळावाल्यानेही एकट्या कारागिराला वेडा म्हणून हसू नये. आपण सर्वांनी मिळून जे सोडून दिले, ते तो आपल्या वतीने जपत आहे.

वाचकहो, आपण बहुतेक जण रूळ घालीत नाही. पण आपापल्या कामात, संसारात, मंडळीच्या कारभारात आपण सर्वांनी मिळून कधीतरी एखादे माप थोडे अरुंद केलेले असते. हिशेबाच्या वहीत, मुलांना दिलेल्या वचनात, वर्षानुवर्षे ‘असेच चालत आले आहे’ म्हणून चालविलेल्या एखाद्या प्रथेत. ते करण्यास त्या वेळी अडचण होती, कदाचित चांगले कारणही होते. प्रत्येक ठिकाणी सारे रूळ उखडून नव्याने घालावे असा माझा आग्रह नाही. तसे केल्यास कित्येक गाड्या बंद पडतील, आणि त्यांत बसलेल्या माणसांची सोय कोणी पाहावयाची, हाही प्रश्न आहेच. माझे म्हणणे एवढेच, की खरे माप किती होते ते आपणांस ठाऊक असावे आणि ते मुलांना सांगितलेले असावे. मिरजेचे रूळ एके दिवशी बदलता आले, त्याचे एक कारण हे की त्या वेळपर्यंत कोणता रूळ किती रुंद आहे, हे कोणी लपवून ठेवलेले नव्हते.